एसक्यूएलमध्ये ‘आजच्या’ नोंदी अचूक कशा काढायच्या

सकाळी ९ वाजता अहवाल काढला आणि दादरच्या फूलबाजारातली पहाटे ४ ची ऑर्डर ‘आज’मध्ये नाही, तर क्वेरीला (डेटाबेसला एसक्यूएल भाषेत विचारलेल्या प्रश्नाला) हात लावण्याआधी सेशनचा, म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीचा, टाइमझोन तपासा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल, तर मुंबईत पहाटेचे ४ वाजतात तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे १०:३० झालेले असतात. ती ऑर्डर कालच्या खात्यात जाते.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये कनेक्शन उघडताच ‘एशिया/कोलकाता’ हे नाव देऊन टाइमझोन सेट करा. तिथे ‘+०५:३०’ अशी स्ट्रिंग देऊ नका. ती पॉझिक्स या जुन्या मानकाच्या पद्धतीने, म्हणजे अधिक-उणे चिन्ह उलटं धरून, वाचली जाते आणि घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास मागे जातं. मायएसक्यूएलमध्ये मात्र ‘+०५:३०’ बरोबर चालतं. नावाने द्यायचं, तर टाइमझोनची टेबलं आधी भरलेली लागतात.

एवढ्यावर काम संपत नाही, कॉलमचा प्रकारही बघायला हवा. मायएसक्यूएलचा टाइमस्टँप सेशनच्या झोनप्रमाणे बदलून येतो, डेटटाइम जसा साठवला तसाच येतो. डेटटाइममध्ये यूटीसी वेळ भरली असेल, तर झोन बदलूनही साडेपाच तासांचा फरक राहतोच.

आता अट. कॉलमवर डेट() लावून करंट_डेटशी (आजच्या तारखेशी) तुलना केली, तर कॉलमवरचा साधा इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) सहसा वाया जातो. त्यापेक्षा हे लिहा:

वेअर ऑर्डर_वेळ >= करंट_डेट
अँड ऑर्डर_वेळ < करंट_डेट + इंटरव्हल '१' डे

बिटवीन टाळा; त्यात शेवटचं टोकही धरलं जातं, म्हणजे उद्याचा दिवस सुरू होतानाची, ००:०० ची नोंद आत शिरते. ओरॅकलमध्ये करंट_डेटला वेळही चिकटलेली असते, म्हणून तिथे दोन्हीकडे ती वेळ छाटणारं ट्रंक(करंट_डेट) हवं. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्यांत करंट_डेट नाही, करंट_टाइमस्टँप (आत्ताची तारीख आणि वेळ) कास्ट करून, म्हणजे प्रकार बदलून, डेट करा. इंटरव्हलऐवजी डेटॲड वापरा. एसक्यूलाइटचे करंट_डेट, करंट_टाइम आणि करंट_टाइमस्टँप हे तिन्ही कीवर्ड कायम यूटीसीच देतात.

करंट_टाइमस्टँपची एक गोष्ट लक्षात ठेवा: पोस्टग्रेसमध्ये तो ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणारा कामांचा गट) सुरू झाल्याची वेळ देतो. ट्रान्झॅक्शन वीस मिनिटं चाललं, तरी पहिल्या आणि शेवटच्या ओळीवर एकच वेळ पडते. बिलाच्या नोंदींसाठी हे उत्तमच, कारण सगळ्या ओळी एका क्षणाच्या राहतात. पण एखादी पायरी किती वेळ घेते हे मोजायचं असेल, तर क्लॉक_टाइमस्टँप() घ्या. मायएसक्यूएलमध्ये नाऊ() स्टेटमेंट (एक एसक्यूएल आज्ञा) सुरू झाल्याची वेळ देतं, सिसडेट() ते फंक्शन चालतं त्या क्षणाची.