तिरपा ठळक मथळा: फ्लेक्स आणि रेडियमच्या कामात या चुका टाळा

निम्मं काम इटॅलिकचं बटण दाबताना बिघडतं. मुक्ता, हिंद, नोटो सान्स देवनागरी या फॉन्टांना तिरपी शैलीच नाही. बटण दाबलं की सॉफ्टवेअर सरळ अक्षरालाच एका बाजूला ढकलतं. यात उजवीकडे झुकलेल्या रेषा बारीक होतात आणि डावीकडे झुकलेल्या जाड. बारीक टायपात हे खपून जातं, पण फूटभर उंचीच्या ठळक अक्षरात ‘क’ आणि ‘व’चे गोल वेडेवाकडे दिसतात. पॉपिन्स या फॉन्टमध्ये देवनागरीला वेगळी तिरपी शैली आहे, नऊही वजनांत (म्हणजे अक्षराच्या जाडीच्या नऊही प्रकारांत). शक्य तिथे तीच फाइल वापरा.

हातानेच तिरपं करायचं असेल तर सॉफ्टवेअरमधलं शिअर किंवा स्क्यू (आकार एका बाजूला झुकवणारी सोय) वापरा, तेही फक्त आडव्या दिशेने. उभ्या दिशेने केलं तर शिरोरेषाच चढते आणि दंड (अक्षरांच्या उभ्या रेघा) मात्र ताठ राहतात. आमच्या मते 8 ते 12 अंश पुरे. 20 अंशांवर ‘शिर्डी’सारखा शब्द पडल्यासारखा दिसतो, कारण त्यात वेलांट्या आणि रफार सगळे वरच आहेत.

हिशोब सोपा आहे. 12 अंशांना दर 100 मिमी उंचीमागे अक्षर सुमारे 21 मिमी सरकतं. शिरोरेषा 100 मिमीवर आणि वेलांटीचा माथा 135 मिमीवर असेल, तर तो माथा जवळजवळ 29 मिमी उजवीकडे जातो. खाली 30 मिमी लोंबणारा उकार 6 मिमी डावीकडे येतो. त्यामुळे शेवटच्या अक्षराची वेलांटी चौकटीबाहेर जाऊन कापली जाते. उजवीकडे तेवढी जागा आधीच सोडा. मथळा मधोमध बसवताना सॉफ्टवेअरच्या ‘सेंटर’वर विसंबू नका, शिरोरेषेची दोन टोकं मोजा.

ठळकपणा वाढवायला अक्षराभोवती आउटलाइन चढवू नका. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांना वेगळं ठेवणाऱ्या बारीक फटी आधी बुजतात. फॉन्टचं जाड वजन घ्या. अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

रेडियम कापताना वेगळीच अडचण येते. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. पडद्यावर ते दिसत नाही, पण प्लॉटर (रेडियम कापणारं यंत्र) प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो आणि शिरोरेषेवर जागोजागी उभे काप पडतात. क्रम असा ठेवा: आधी मजकूर तपासून घ्या, मग कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं नुसत्या आकारात रूपांतर करा (कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू), मग तिरपं करा, मग शब्दातली सगळी अक्षरं वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. इलस्ट्रेटरमध्ये त्यालाच युनाइट म्हणतात. वेल्डनंतर वायरफ्रेममध्ये (रंगाशिवाय नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात) पाहा. शिरोरेषेच्या आत एकही रेघ उरता कामा नये. कर्व्ह झाल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, म्हणून मजकुराची मूळ प्रत वेगळी जपा.

गाडीवर लावताना बाजू पाहा. उजव्या बाजूला गाडीचं तोंड बघणाऱ्याच्या उजवीकडे असतं, म्हणून तिरपी अक्षरं पुढे झेपावल्यासारखी दिसतात. डाव्या बाजूला तोंड डावीकडे, त्यामुळे तीच अक्षरं मागे रेलतात. त्या बाजूसाठी त्याच फॉन्टचं सरळ ठळक वजन घ्या.