स्वतःची गाडी जहाजाने परदेशात न्यायचीय? भाड्याचं नंतर बघा, आधी सोडवायची कशी ते ठरवा

लांबच्या रोड ट्रिपला स्वतःची गाडी न्यायची म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, जहाजाचं भाडं किती? सल्ला देणारेही तिथेच घुटमळतात. अहो, गाडी जहाजावर चढवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, घाम फुटतो तो पलीकडच्या बंदरातून ती बाहेर काढताना. म्हणून बाकीचं भराभर सांगतो. व्हिसा, इंटरनॅशनल लायसन्स, सर्व्हिसिंग हे झालंय असं धरतो.

आधी मार्गातले देश लिहून काढा आणि कुठे कार्नेट, म्हणजे ड्युटी न भरता गाडी तात्पुरती देशात न्यायचं पुस्तक, लागतं ते बघा. इराण, पाकिस्तान, इजिप्तला लागतं, दक्षिण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सीमेवरच तात्पुरत्या आयातीचा कागद करून देतात. कार्नेट ऑटोमोबाइल क्लब देतो, मुदत एक वर्षाची, आणि त्यासाठी डिपॉझिट नाहीतर बँक गॅरंटी. प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात, एक तुकडा कस्टम्सवाले गाडी आत येताना काढून घेतात, एक बाहेर जाताना, तिसरा दोन्ही शिक्के घेऊन तुमच्याकडे राहतो. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर गाडी तिथेच विकली असं धरून ड्युटी मागतात. रात्रीचे दोन वाजलेले असोत, शिक्का बघितल्याशिवाय नाक्यावरून हलायचं नाही.

मग रोरो की कंटेनर. रोरोमध्ये त्यांचा माणूस गाडी चालवत जहाजात नेतो, म्हणजे किल्ली त्यांच्याकडे, आणि आत ठेवलेलं सामान पलीकडे पोचेलच याची खात्री नाही. गाडीत संसार थाटला असेल तर सरळ कंटेनर घ्या, यात मला दुसरं मत नाही. फक्त उंची मोजा. साध्या २० फुटी कंटेनरचं दार साधारण २.२८ मीटर उंच असतं, आणि ब्रोशरमधला उंचीचा आकडा टपावरचा तंबू आणि मोठे टायर धरत नाही, त्यामुळे टेप घेऊन स्वतः मोजा. दोन बोटांचा फरक असेल तर टायरची हवा कमी करून गाडी आत जाते.

भरताना टाकी पाव किंवा त्याहून कमी, गॅसचा सिलिंडर बाहेर, बॅटरीची वायर काढलेली, चारही चाकं पट्ट्यांनी आवळलेली. स्वतः उभे राहा, सीलच्या नंबराचा फोटो काढा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जाणार असाल तर चाकांच्या वरच्या कमानीतला चिखल आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं गवताचं बीसुद्धा निघालं पाहिजे, साध्या वॉशिंगने भागत नाही. आणि विमा घेताना जनरल अ‍ॅव्हरेज धरलंय का ते विचारा, कारण जहाज वाचवायला जो खर्च होतो त्यात तुमची गाडी धडधाकट असली तरी वाटा भरावा लागतो. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन हे जहाज अडकलं तेव्हा मालकांनी हेच जाहीर केलं होतं.

आता मुख्य दुखणं. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, जी दाखवून पलीकडे माल सोडवायचा, तिचा ड्राफ्ट मेलवर येतो, खाली ‘अप्रूव्ह करा’ म्हणून लिहिलेलं असतं आणि लोक न वाचताच ओके करतात. असं करू नका. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं, अक्षर न् अक्षर. चासी नंबर १७ अक्षरी असतो, तो कागदावरून कागदाशी जुळवू नका, गाडीशी वाकून प्लेटवरून जुळवा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, तेव्हा ड्राफ्टमध्ये ओ दिसला की समजायचं, शून्य चुकलंय. माझ्या एका ट्रिपला एजंटच्या ऑफिसने जहाज सुटताना हाच ओ घुसवला होता. पलीकडे कस्टम्सचा माणूस बॉनेट उघडून अंगठ्याने प्लेटवरची धूळ पुसत, पेनाच्या टोकाने एकेक अक्षर मोजत होता, एका अक्षरावर पेन थांबलं आणि कागद परत आले. मग दुरुस्तीची फी, मॅनिफेस्ट (जहाजावरच्या मालाची यादी) बदला, आणि तोवर यार्डाचं भाडं चालूच.

काहीजण सांगतात, माल घेणारा म्हणून एजंटचंच नाव टाका, सोपं पडतं. एजंटला सोपं पडतं, तुम्हाला नाही! डिलिव्हरी घ्यायचा हक्क त्याच्याकडे गेला की बिल तो म्हणेल ते. स्वतःचं नाव टाका आणि मूळ कागद कुरिअरने फिरवण्यापेक्षा टेलेक्स रिलीज घ्या, म्हणजे मूळ कागद न बघता माल सोडा असा जहाज कंपनीचा पलीकडच्या ऑफिसला निरोप, पण तो झाल्याचा मेल हातात आल्याशिवाय विमानात बसू नका.

दुसरा सापळा कोटेशनचा. भाडं बंदर ते बंदर असतं. पलीकडे टर्मिनल हँडलिंग, डिलिव्हरी ऑर्डर, कस्टम्स, कंटेनर उघडणं, यार्ड, सगळं वेगळं. शेअरिंगच्या कंटेनरमध्ये तर भाडं स्वस्त दाखवून पलीकडे वसूल करायची पद्धतच आहे. म्हणून बुकिंगच्या आधी पोचायच्या बंदरातल्या एजंटकडून एकेक आयटम लेखी घ्या. ‘आल्यावर बघू’ म्हणाला तर दुसरा एजंट शोधा, असल्याशी वाद घालत बसू नका. फ्री दिवस, म्हणजे भाडं न लागणारे दिवस, किती तेही विचारा, आणि दोन्हीचे विचारा, कंटेनर बंदरात पडून राहिला तर डेमरेज लागतं, बाहेर नेऊन वेळेत रिकामा परत दिला नाही तर डिटेन्शन. त्या आठवड्यात तिथे सुट्ट्या लागून आल्यात का तेही बघून ठेवा.

जहाजाची तारीख फक्त अंदाज असतो, वाटेत दुसऱ्या जहाजावर कंटेनर चढवायचा असेल तर तो अंदाजही सोडून द्या. परतीचं तिकीट बदलता येण्यासारखं घ्या.

गाडी ताब्यात घेताना सही करायच्या आधी भोवती फिरून फोटो काढा, नवा ओरखडा दिसला तर पावतीवरच लिहून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही. बॅटरी जोडा, हवा भरा, आणि त्या देशाचा थर्ड पार्टी इन्शुरन्स हातात आल्यावरच गेटबाहेर पडा.