लॅबमधल्या या चुका टाळा, खास करून ज्या दिसत नाहीत त्या

प्रयोग फसला की निदान कळतं तरी. जेलवर बँडच आला नाही, सेल्स रात्रीत मेल्या, मीडिया गढूळ झाला, अशा वेळी आपण लगेच शोधाशोध करतो आणि बहुतेक वेळा कारण सापडतं. खरा घात होतो तो प्रयोग "चालला" की. बँड मस्त आलाय, एरर बार छोटे आहेत, पी व्हॅल्यू 0.01, गाईड खूश, आणि मग बऱ्याच उशिरा लक्षात येतं की सेल लाइनच (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या, एकाच उगमाच्या सेल्स) भलती होती किंवा कल्चरमध्ये मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जीवाणू होता किंवा ज्याला आपण एन (प्रयोग स्वतंत्रपणे किती वेळा झाला तो आकडा) बरोबर 3 म्हणत होतो तो खरं तर 1 होता. म्हणून इथे मी आरडाओरडा करणाऱ्या चुकांवर कमी आणि गुपचूप बसून असलेल्या चुकांवर जास्त लिहितेय.

सेल्स नक्की कुठल्या आहेत ते न तपासणं

1951 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून घेतलेल्या पेशींपासून हेला सेल लाइन तयार झाली. त्यांनी विज्ञानाला किती दिलंय ते वेगळं सांगायला नको. पण या सेल्स इतक्या जोमाने वाढतात की दुसऱ्या फ्लास्कमध्ये चुकून थोड्या जरी गेल्या तरी काही पॅसेजमध्ये (सेल्स नव्या फ्लास्कमध्ये हलवायच्या फेऱ्यांमध्ये) मूळच्या सेल्स मागे पडतात आणि फ्लास्कभर हेलाच उरतात. 1960 च्या दशकात स्टॅन्ली गार्टलर यांनी जी6पीडी एन्झाइमचा प्रकार तपासून दाखवून दिलं की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेल्या बऱ्याच लाइन्स प्रत्यक्षात हेलाच आहेत. एमडीए-एमबी-435 चं उदाहरण तर अजून टोचणारं, कारण ती कितीतरी वर्षं स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरली गेली आणि नंतर तिचं प्रोफाइल एम14 या मेलानोमाच्या लाइनशी जुळलं. आयसीएलएसी ही आंतरराष्ट्रीय समिती अशा चुकीच्या ओळखीच्या लाइन्सची यादी ठेवते, त्यात 500 च्या वर नावं आहेत. तुमची लाइन त्यात आहे का एवढं आजच बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

शेजारच्या लॅबमधून कुणीतरी प्रेमाने दिलेला फ्लास्क, वर मार्करने लिहिलेलं नाव, आणि त्यावर अख्खी पीएचडी, असं करू नका. माणसाच्या सेल्स असतील तर एसटीआर प्रोफाइलिंग (डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरून ओळख पटवणं) करून घ्या, लाइन लॅबमध्ये आली की एकदा, फ्रीज करताना एकदा आणि पेपर पाठवायच्या आधी एकदा. मायक्रोस्कोपखाली "दिसायला तशाच आहेत" याला पुरावा म्हणत नाहीत, घनता आणि मीडिया बदलला की एकच लाइन वेगळी दिसते आणि दोन वेगळ्या लाइन्स सारख्या दिसतात. हूडमध्ये (निर्जंतुक कामाच्या कपाटात) एका वेळी एकच लाइन ठेवायची, मधे पृष्ठभाग पुसून घ्यायचा आणि प्रत्येक लाइनची मीडियाची बाटली वेगळी ठेवायची, हे शेवटचं फार कमी लोक पाळतात आणि एका सेल लाइनमधून दुसरीत सेल्स जायचा तो सगळ्यात सोपा रस्ता आहे.

पॅसेज नंबरही लिहाच. सुरुवातीच्या पॅसेजच्या भरपूर व्हायल्स फ्रीज करून ठेवायच्या आणि ठरावीक पॅसेजनंतर नवीन व्हायल काढायची, नाहीतर तुमचा पहिला आणि शेवटचा प्रयोग वेगवेगळ्या सेल्सवर झालेला असतो.

मायकोप्लाझ्मा नाहीच असं गृहीत धरणं

मीडिया स्वच्छ दिसतोय, सेल्स वाढतायत, पेन-स्ट्रेप (पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन) घातलेलंच आहे, मग काळजी कशाला? तर याच तीन कारणांनी मायकोप्लाझ्मा सुटतो. त्याला पेशीभित्तिका नसते, पेनिसिलिन काम करतं भित्तिका बनण्यावर, त्यामुळे त्याला काही होत नाही. भरपूर संख्येत असला तरी मीडिया गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, आणि 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटू शकतो. दरम्यान तो आर्जिनिन आणि न्यूक्लिओसाइड्स खातो, जीन एक्स्प्रेशन बदलतो, सायटोकाइन्स वाढवतो, म्हणजे आपण जे मोजतोय नेमकं तेच. औषधाचा परिणाम म्हणून छापलेली गोष्ट खरं तर मायकोप्लाझ्माला पेशीने दिलेलं उत्तर असू शकते.

तपासणी अवघड नाही. पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य कॉपी करायची पद्धत) किट मिळतात, नाहीतर होएक्स्ट किंवा डीएपीआय या डीएनए चमकवणाऱ्या रंगाने स्टेन करा, न्यूक्लियसच्या बाहेर बारीक चमकणारे ठिपके दिसले तर समजून जा. पण सँपल नीट घ्या: काही दिवस अँटिबायोटिकशिवाय वाढवलेल्या, भरलेल्या फ्लास्कमधला मीडिया घ्यायचा, कालच बदललेला ताजा मीडिया तपासून "निगेटिव्ह" म्हणायचं नाही. नवीन आलेली लाइन तपासणी होईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये, आणि ते शक्य नसेल तर दिवसाचं शेवटचं काम म्हणून हाताळायची. सापडला तर? माझं मत स्पष्ट आहे, फेकून द्या. उपचाराची औषधं असतात पण त्यात आठवडे जातात आणि सेल्सवर ताण येतो तो वेगळा, त्यामुळे ज्या सेल्स जगात दुसरीकडे मिळणारच नाहीत त्यांच्यासाठीच तो खटाटोप करावा. आणि रोजच्या कल्चरमध्ये कायम अँटिबायोटिक घालायची सवय सोडता आली तर सोडाच, कारण त्याने निष्काळजी हात झाकला जातो आणि हळू वाढणारी घाण दबून राहते.

पीसीआर: निगेटिव्हमध्ये बँड आला आणि तरी पुढे जाणं

"निगेटिव्हचा बँड फिकट आहे, सँपलचा गडद आहे, चालेल." नाही चालणार! निगेटिव्ह म्हणजे टेम्प्लेट (ज्याची कॉपी करायची तो डीएनए) नसलेली ट्यूब, तिच्यात बँड आला म्हणजे त्या दिवसाच्या कुठल्याच बँडवर तुम्हाला विश्वास ठेवता येत नाही. आणि इथे लोक उलट्या क्रमाने वागतात, आधी एकेक रीएजंट तपासून दोषी शोधायला बसतात आणि आठवडा घालवतात. आधी पाणी, बफर, प्रायमर, डीएनटीपी सगळं नवीन अॅलिक्वॉटमधून (आधीच वेगळ्या काढून ठेवलेल्या छोट्या वाट्यातून) घ्या, बँड गेला का बघा, गेला तर काम सुरू करा आणि दोषी शोधायचा तर नंतर निवांत शोधा. नवीन सगळं घेऊनही बँड राहिला तर संशय पिपेट, बेंच आणि हवेवर घ्यायचा. पीसीआर झालेल्या एका ट्यूबमध्ये त्याच तुकड्याच्या अब्जावधी कॉपी असतात, ती ट्यूब जिथे मिक्स बनवता तिथे उघडली की झालं. सेटअपची जागा, पिपेट, एप्रन वेगळे ठेवा, फिल्टर टिप वापरा. बेंच फक्त अल्कोहोलने पुसून डीएनए जात नाही, त्याला पातळ ब्लीच लागतं.

आरटी-पीसीआर (आरएनएपासून आधी डीएनए बनवून मग पीसीआर) करताना रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली ट्यूब लावायचा बऱ्याच जणांना कंटाळा येतो. आरएनएमध्ये जीनोमिक डीएनए राहिला असेल तर तेवढ्या एका ट्यूबमधूनच कळतं, नाहीतर डीएनए मोजून आपण एक्स्प्रेशन म्हणत बसतो. क्यूपीसीआरमध्ये (सँपलमध्ये किती कॉपी होत्या ते मोजणाऱ्या पीसीआरमध्ये) अजून एक, ज्याच्याशी तुलना करतात तो जीएपीडीएच सगळीकडे स्थिर असतो हे डोक्यातून काढा. तो ग्लायकोलिसिसमधला एन्झाइम आहे, ऑक्सिजन कमी झाला की बऱ्याच सेल्समध्ये वाढतो, मग हायपॉक्सियाच्या प्रयोगात त्याच्याशी तुलना केली तर बाकी सगळे जीन्स कमी झाल्यासारखे दिसणार. दोन-तीन रेफरन्स जीन्स आधी तुमच्याच परिस्थितीत तपासून मग निवडा. स्टँडर्ड कर्व्हचा स्लोप -3.3 च्या आसपास, म्हणजे एफिशियन्सी 90 ते 110 टक्क्यांत आहे का तेही बघा.

आरएनएचं 260/280 गुणोत्तर (260 आणि 280 नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं, शुद्धतेसाठी बघतात ते) 2.0 आलं म्हणून आरएनए अखंड आहे असं होत नाही, तुटक्या आरएनएचंही तेच येतं. जेलवर किंवा बायोॲनालायझरवर बघा.

एमटीटीचा आकडा म्हणजे जिवंत सेल्स असं मानणं

हे फार दिसतं, खास करून वनस्पतींचे अर्क तपासणाऱ्या कामात. एमटीटी ही रंगावर चालणारी चाचणी मोजते ती सेल्सची चयापचयाची क्रिया, म्हणजे पिवळा रंग जांभळा होतो तो सेलमधल्या रिडक्शनमुळे. आता तुमच्या अर्कातले पॉलिफेनॉल किंवा व्हिटॅमिन सी स्वतःच रिड्यूस करणारे असतील तर सेल नसतानाही जांभळा रंग येतो आणि सेल्स मेल्या तरी आकडा छान येतो. उलट बाजूने, सेल्स मेल्या नसून नुसत्या सुस्तावल्या तरी आकडा पडतो आणि आपण "सायटोटॉक्सिक" लिहून मोकळे होतो. उपाय साधा आहे, सेल्स न घातलेल्या वेल्समध्ये फक्त मीडिया, अर्क आणि एमटीटी घालून बघा, आणि निष्कर्ष काढायच्या आधी ट्रिपॅन ब्लू किंवा एलडीएच सारख्या दुसऱ्या पद्धतीने खात्री करा. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवला असेल तर प्रत्येक वेलमध्ये, कंट्रोलमध्येसुद्धा, डीएमएसओचं प्रमाण एकच हवं. सगळ्यात जास्त डोसला डीएमएसओ 2 टक्के आणि कंट्रोलला शून्य, असं असेल तर तुम्ही डीएमएसओचाच डोस कर्व्ह काढलाय.

आणि 96 वेलच्या प्लेटच्या कडेच्या वेल्समधलं पाणी लवकर उडतं, तिथल्या सेल्स वेगळ्या वागतात. कंट्रोल कायम पहिल्या कॉलममध्ये ठेवायची सवय असेल तर तो फरक दर वेळी न चुकता येणार आणि न चुकता येतो म्हणून खरा वाटणार. कडेला नुसतं बफर भरा, आतल्या जागा दर वेळी बदला.

एन किती?

माझ्या मते ही सगळ्यात महागाची चूक आहे, कारण ती कुठल्याच किटने पकडता येत नाही. समजा एक फ्लास्क घेतला, त्यातल्या सेल्स सहा वेल्समध्ये लावल्या, तिघांना औषध तिघांना कंट्रोल, प्रत्येक वेल तीनदा मोजला, दोन्ही बाजूला नऊ-नऊ आकडे आले आणि टी-टेस्ट केली, पी एकदम भारी आला. पण या सगळ्यात सेल्स एकाच फ्लास्कच्या, औषधाचं डायल्युशन एकच, दिवस एकच, म्हणजे जीवशास्त्राच्या दृष्टीने प्रयोग एकदाच झालाय. ते नऊ आकडे तुमचा हात किती स्थिर आहे ते सांगतात, पुन्हा केल्यावर तेच येईल का ते सांगत नाहीत. वेगळ्या दिवशी, शक्यतो वेगळी व्हायल काढून, औषध नव्याने बनवून पुन्हा करायचं, त्या दिवसाच्या वेल्सची सरासरी काढायची, ती सरासरी म्हणजे एक आकडा. असे तीन दिवस झाले की एन 3. पेशंटच्या पेशी असतील तर जेवढे दाते तेवढा एन.

उंदरांमध्ये हेच जास्त गुंतागुंतीचं होतं. औषध पिण्याच्या पाण्यातून पिंजऱ्याला दिलं तर एकक पिंजरा असतो, गाभण मादीला दिलं तर पिल्लं कितीही होवोत, एकक ती मादी. कुठला उंदीर कुठल्या गटात ते हाताला लागेल त्या क्रमाने ठरवू नका, कारण आधी हातात येणारे उंदीर वेगळे असतात, रँडम नंबर वापरा. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा (यालाच ब्लाइंडिंग म्हणतात). 2014 मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या एका अभ्यासात दिसलं होतं की प्रयोग करणारा पुरुष आहे की स्त्री यानेसुद्धा उंदरांच्या वेदनेच्या चाचणीचे निकाल बदलतात, मग कंट्रोल एकाने आणि औषधाचा गट दुसऱ्याने केला तर काय होईल विचार करा.

एन वाढवत वाढवत 0.05 च्या खाली पी आला की थांबणं, आणि वीस गोष्टी मोजून त्यातली एक सिग्निफिकंट आली ती लिहिणं, हे दोन्ही नकोच. खरा फरक काहीच नसताना वीस स्वतंत्र तुलना केल्या तर निदान एक तरी 0.05 खाली येण्याची शक्यता 64 टक्के असते. 2012 मध्ये अॅमजेन कंपनीच्या संशोधकांनी लिहिलं होतं की कॅन्सरवरच्या 53 महत्त्वाच्या अभ्यासांपैकी फक्त 6 चे निष्कर्ष त्यांना पुन्हा मिळाले. त्यामागे एकच कारण नव्हतं, पण एन आणि ब्लाइंडिंग या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत, त्या तरी करूया.

बाकी पटकन

वेस्टर्नमध्ये (अँटिबॉडीने प्रोटीन शोधायच्या ब्लॉटमध्ये) अँटिबॉडीवर आंधळा विश्वास नको, नॉकआउट किंवा नॉकडाउन (तो प्रोटीन बंद किंवा कमी केलेलं) सँपल सोबत चालवा, बरोबर वजनाला बँड आला म्हणजे तोच प्रोटीन असं नसतं. अॅक्टिनचा (लोडिंग सारखं आहे का ते बघायच्या प्रोटीनचा) बँड सॅच्युरेट झालेला असेल तर लोडिंग दुप्पट झालं तरी तो सारखाच दिसेल, एक्सपोजर कमी करा. एचआरपी हे एन्झाइम जोडलेल्या अँटिबॉडीत सोडियम अझाइड घालू नका, एन्झाइम बंद पडतं.

पिपेट पडला असेल तर वजनकाट्यावर 100 मायक्रोलिटर पाणी तोला, साधारण 100 मिलिग्रॅम आलं पाहिजे. ग्लिसरॉलमधले एन्झाइम हळू ओढा, टिप पूर्ण बुडवू नका, बाहेर चिकटलेलंच कधी कधी आतल्याइतकं असतं.

काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि पहिला प्रश्न "पॉझिटिव्ह कंट्रोल चालला का" हाच विचारा, तो चालला नसेल तर सँपलबद्दल काहीही बोलता येत नाही. वहीत सीरमचा, अँटिबॉडीचा, किटचा लॉट नंबर लिहा, "नेहमीचं सीरम" असं लिहू नका.

आणि समजा आज कळलं की तुमच्या लाइनमध्ये मायकोप्लाझ्मा आहे किंवा ती लाइनच दुसरी आहे, तर घाबरून सगळं फेकायच्या आधी फ्रीझरमधल्या जुन्या व्हायल्स काढा. प्रत्येकीवर तारीख आणि पॅसेज असेल तर एकेक तपासून गडबड कुठल्या महिन्यात शिरली ते कळतं, त्याच्या आधीचे प्रयोग वाचतात, नंतरचे स्वच्छ व्हायलमधून पुन्हा करायचे. गाईडला त्याच दिवशी सांगा, आणि तुमच्याकडून सेल्स नेलेल्या प्रत्येक लॅबलाही कळवा, त्यांचेही प्रयोग चालू असतील.