बाहुलीघराचं फर्निचर: १:१२ मापातलं पहिलं टेबल कसं करावं

बाहुलीघराचं बारीक फर्निचर करणारे बहुतेक कारागीर १:१२ या मापात काम करतात. खऱ्या वस्तूतला एक फूट म्हणजे इथे एक इंच. विंडसर किल्ल्यातलं क्वीन मेरीचं बाहुलीघर (१९२४) याच मापातलं, आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या ६८ थॉर्न खोल्याही (फर्निचरसकट केलेल्या खोल्यांच्या छोट्या प्रतिकृती). या खोल्यांचा फोटो पाहिला तर त्या केवढ्या आहेत ते ओळखू येत नाही. कारण लांबी-रुंदीसोबत फळीची जाडी, कडेची धार आणि पॉलिशचा थर हेही मापात उतरवलेले असतात. या कामात शिकायचं असतं ते हेच.

यासाठी कार्यशाळेसारखी दुसरी जागा नाही. अमेरिकेत मेन राज्यातल्या कॅस्टीन गावी 'इंटरनॅशनल गिल्ड ऑफ मिनिएचर आर्टिझन्स' ही संस्था १९८२ पासून जून महिन्यात आठवडाभराची शाळा भरवत आली आहे. कुठलीही कार्यशाळा निवडा, पण नाव नोंदवण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: लाकडाचे तुकडे आधीच कापून देणार, की आपण कापायचे? कापलेले तुकडे मिळाले तर फक्त जोडणी शिकून होते. तसं असेल तर निदान एक पाय तरी शिक्षकांसमोर स्वतः करून बघा. शिक्षक तुकडा कसा धरतात, बोट कुठे टेकवतात, दाब कधी सोडतात, हे नीट पाहा. लिहून दिलेल्या कृतीत ते सापडत नाही. सोबत डोक्याला लावायचं भिंग, व्हर्नियर कॅलिपर, छोटा गुण्या (काटकोन तपासायची पट्टी), चिमटा, हाताने फिरवायचा बारीक ड्रिल आणि धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क न्या.

पहिला नग म्हणून शेकर पद्धतीचं छोटं चौकोनी टेबल घ्यावं असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या शेकर पंथाच्या लोकांचं फर्निचर साधं, नक्षी नसलेलं; त्यामुळे मापात चुकलेलं लगेच दिसतं. नक्षीखाली बरंच झाकलं जातं, इथे काही झाकता येत नाही.

लाकूड. सागवान टाळा. खऱ्या टेबलावर सागाचे रेषे शोभतात, पण या लाकडातलं ०.२ मिलिमीटरचं छिद्र १:१२ मध्ये जवळजवळ अडीच मिलिमीटरच्या भोकासारखं दिसतं. परदेशी कारागीर पेअर, चेरी, बॉक्सवुड वापरतात. आपल्याकडे हळदू किंवा काळा कुडा, ही घट्ट पोताची लाकडं चांगली. लाकूड पूर्ण वाळलेलंच घ्या.

मापं. खरं टेबल १८ इंच चौरस आणि २७ इंच उंच धरू. मग वरची फळी ३८ × ३८ मिमी, जाडी १.६ मिमी. एकूण उंची ५७ मिमी. पाय वर ३.२ मिमी चौरस, तळाशी १.६ मिमी. फळीखालच्या चार पट्ट्या १०.५ मिमी उंच, १.६ मिमी जाड.

पाय. सगळा जीव इथे ओता. ३.२ मिमीच्या एकाच लांब काडीतून ५५.४ मिमीचे पाच तुकडे कापा. चार लागतात, पण त्यातले उत्तम चार निवडता यावेत. पट्टीच्या खाली पाय निमुळता होतो, तोही फक्त आतल्या दोन बाजूंनी. बाहेरच्या दोन बाजू सरळच राहतात, म्हणून त्यांवर आधी पेन्सिलने खूण करा. आता एक साचा करा: छोट्या फळीवर दोन कडक पट्ट्या अशा चिकटवा की मधल्या खोबणीत पाय घट्ट बसेल. या पट्ट्यांची उंची सुरुवातीच्या १०.५ मिमीपर्यंत ३.२ मिमी आणि तिथून उतरत शेवटी १.६ मिमी. खूण केलेली बाजू खाली ठेवून पाय खोबणीत बसवा आणि ठोकळ्यावर चिकटवलेला २२० नंबरचा पॉलिश पेपर वरून फिरवा. कागद पट्ट्यांना टेकला की थांबा. पाय वळवा, दुसरी आतली बाजू करा. मग ४०० आणि ६०० नंबरचा कागद, अगदी हलक्या हाताने. चारही पाय सारखे येतात ते या साच्यामुळे.

कडा गोल करू नका. अर्ध्या मिलिमीटरची गोलाई खऱ्या टेबलावर ६ मिलिमीटरची होते. ६०० नंबरचा कागद कडेवरून एकदा ओढला की पुरे.

रंग आणि जोडणी. लाकडाला रंग द्यायचा असेल तर जोडण्याआधी द्या, कारण डिंक सांडला त्या जागी रंग मुरत नाही. सांध्याच्या जागा मात्र कोऱ्या सोडा. काचेच्या तुकड्यावर दोन पाय आणि एक पट्टी आडवी ठेवून, गुण्या लावून जोडा. अशा दोन जोड्या वाळल्या की उरलेल्या दोन पट्ट्यांनी त्या एकत्र करा. डिंक सुईच्या टोकावर मावेल एवढाच. हात बसल्यावर पायात खाच पाडून पट्टीच्या टोकाचं १ मिमीचं कुसू (खाचेत बसणारी जीभ) बसवा. तोवर सांध्यात बारीक तारेची खिळी पुरते. शेवटी वरची फळी.

पॉलिश चपडा लाखेचं, भरपूर स्पिरिट घालून पातळ केलेलं. पातळ हात द्या, वाळू द्या, ६०० नंबरने पुसल्यासारखं घासा, पुन्हा द्या. जाड वार्निशने सगळी मेहनत प्लॅस्टिकसारखी दिसू लागते.

घरी परतल्यावर त्याच आठवड्यात तेच टेबल पुन्हा करा, हाताला लागलेलं वळण जायच्या आत. त्यानंतरच्या टेबलाला खण करा. खणाच्या बाजू १ मिमी जाड ठेवा, आणि खण घट्ट बसतो की सैल हे ठरवण्यासाठी भोवती साध्या कागदाची एक पट्टी घालून पाहा. पट्टीसकट खण जेमतेम सरकला आणि पट्टी काढल्यावर बोटाच्या हलक्या ढकलीने आत गेला, तर फट बरोबर आहे.