सामुदायिक रेडिओवर चर्चेचा कार्यक्रम कसा बसवायचा

म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी किंवा जत तालुक्यातली येरळावाणी, अशा केंद्रांची प्रसारणशक्ती नियमानं सहसा १०० वॅटपर्यंतच. आवाज दहा-बारा किलोमीटरपलीकडे फारसा पोचत नाही, म्हणून विषयही तेवढ्याच टापूचा हवा. ‘दुष्काळ : कारणे आणि उपाय’ हा विषय आकाशवाणीला शोभतो. इथे विचारायचं ते असं : टेंभू उपसा सिंचन योजनेचं आवर्तन (पाण्याची पाळी) सुटलं की शेवटच्या वावरात पाणी किती दिवसांनी येतं? प्रश्न एकाच वाक्यात मावत नसेल, तर कार्यक्रम अजून तयार नाही असं समजा.

अर्ध्या तासाला पाहुणे दोनच. एक कामामुळे जाणणारा (पाटकरी, शाखा अभियंता), दुसरा भोगणारा (कालव्याच्या टोकाचा शेतकरी). तिसरा आला की कोण बोलतंय हे ऐकणाऱ्याला कळेनासं होतं. दोघांचे आवाज सारखे असतील तर दर चार-पाच मिनिटांनी नाव घेऊन प्रश्न विचारा. हाकही एकाच मानाची मारा. एकाला ‘साहेब’ आणि दुसऱ्याला नुसतं नाव, असं झालं की झुकतं माप लगेच ऐकू येतं. आदल्या दिवशी फोनवर विषय सांगा, पण सगळी हकिगत काढून घेऊ नका. नाहीतर माईकसमोर ‘काल सांगितलं तसं’ एवढंच हाती लागतं.

प्रश्न सहा-सात पुरेत, आणि ‘हो’-‘नाही’त संपणारे नकोत. ‘त्रास होतो का?’ऐवजी ‘गेल्या पाळीला रात्री किती वाजता मोटर चालू केली?’ विचारा. पाहुण्याची माणदेशी बोली सुधारायला जाऊ नका. जतकडचे पाहुणे कानडीत मोकळे होत असतील तर होऊ द्या, दर दोन-तीन वाक्यांनी मराठीत सार सांगा.

कार्यक्रमात पुस्तक आणायचं तर ते सुरुवातीला ठरवलेल्या एका वाक्यातल्या प्रश्नासाठीच. पाण्यावरच्या, शेतीवरच्या एखाद्या पुस्तकातला दोनशे शब्दांचा उतारा घ्या. सावकाश वाचला तर पावणेदोन मिनिटं लागतात. शाळेतल्या मुलीकडून किंवा वाचनालयाच्या सभासदाकडून वाचून घ्या, मग पाहुण्याला थेट विचारा : हे तुमच्याकडे असंच आहे का? समीक्षेपुरतं अवतरण चालतं, पण अख्खं प्रकरण वाचायचं तर प्रकाशकाची लेखी परवानगी हवी. लेखक जाऊन ६० वर्षं उलटली असतील, तर अडचण नाही. पुस्तकं शोधायला महाबळेश्वरजवळचं भिलार, म्हणजे २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव, चांगलं.

ध्वनिमुद्रणात बहुतेक कार्यक्रम माईकच्या अंतरावर बिघडतात. तोंडापासून चार बोटं ते अर्धी वीत अंतर ठेवा. माईक समोर न धरता किंचित तिरका धरा, म्हणजे ‘प’, ‘फ’चा फटका बसत नाही. साध्या खोलीत डायनॅमिक माईकच बरा. कंडेन्सर माईक पंखा, रस्ता, शेजारचा कुकर सगळं टिपतो. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, मोठ्यानं हसलं तरी उणे ६ च्या आत. आवाज फाटला की तो कुठल्याही सॉफ्टवेअरनं सांधत नाही. भिंतींवर वाकळी टांगल्या तर घुमणं बरंच कमी होतं. पत्र्याच्या छपराखाली मात्र पावसाळ्यात रेकॉर्डिंग ठेवूच नका. पंखा बंद करा आणि सुरुवातीला २० सेकंद नुसती शांतता नोंदवा. तिच्या आधारे नंतर सॉफ्टवेअरनं घरघर कमी करता येते. पण हा उपाय जास्त वापरला की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. मोबाईल टेबलावरून दूर, विमान मोडवर. हेडफोन कानावर असलेलाच माणूस बिघाड वेळेत पकडतो, तेव्हा एकजण फक्त ऐकण्यासाठी ठेवा.

फोनवरून श्रोते घ्यायचे असतील तर आधी सांगा, ‘तुमचा रेडिओ बंद करा’. नाहीतर आवाज फिरून परत येतो, कधी शिट्टीही वाजते. पहिले दहा कार्यक्रम तरी आधी रेकॉर्ड करूनच लावा.

बातम्यांना परवानगी नाही; आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून लावता येतात. पाणी सुटण्याची वेळ, वीज बंदी, पुराचा इशारा, हवामान, परीक्षा या सूचना मात्र बातमी धरल्या जात नाहीत. कृष्णेला पूर येतो तेव्हा सांगलीत हेच सगळ्यात जास्त ऐकलं जातं. राजकीय प्रचार नको, आचारसंहितेत उमेदवारही नको. पाहुण्यानं कुणावर नाव घेऊन आरोप केला, तर समोरच्याची बाजू मिळेपर्यंत तो भाग काढून ठेवा.

प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणं बंधनकारक आहे. फाइलच्या नावात तारीख, विषय, पाहुण्याचं नाव लिहा, आणि एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा.