५३ जागा भरताना: एनएफएलच्या जनरल मॅनेजरची तयारीची यादी

हंगाम संपला की सगळ्यांना नव्या खेळाडूंची नावं सुचायला लागतात. ती बाजूला ठेवून आधी हिशेब उघडा. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये जनरल मॅनेजरला ५३ जणांचा संघ बांधायचा असतो आणि प्रत्येक संघाला पगारमर्यादा असते, म्हणजे खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करायचा याची कमाल रक्कम ठरलेली असते. २०२५ साठी ती २७.९२ कोटी डॉलर होती. मागच्या वर्षी न वापरलेली रक्कम पुढे आणता येते, ती त्यात मिळवा. मग प्रत्येक करारासमोर दोन आकडे लिहा: खेळाडू ठेवला तर यंदा किती मोजले जातील आणि सोडला तर किती. करार करताना दिलेला बोनस हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरवता येतो, पण खेळाडू मध्येच सोडला की उरलेलं ओझं संघाच्याच डोक्यावर बसतं. डेन्व्हर ब्रॉंकोजनी मार्च २०२४ मध्ये क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) रसेल विल्सनला मोकळं केलं, तेव्हा संघात नसलेल्या या माणसापायी दोन वर्षांच्या हिशेबात साडेआठ कोटी डॉलर अडकले. तरी त्याच हंगामात त्यांनी बाद फेरी गाठली, कारण नवा क्वार्टरबॅक बो निक्स नवखेपणाच्या स्वस्त करारावर होता.

म्हणून पुढचा प्रश्न क्वार्टरबॅकचा. तो महाग आहे की स्वस्त, यावर बाकी सगळी खरेदी ठरते. ब्रॉक पर्डी हा क्वार्टरबॅक २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने केलेली निवड) अगदी शेवटी, २६२ वा निवडला गेला. २०२३ मध्ये पगार ८ लाख ७० हजार डॉलर, आणि त्याचा संघ थेट सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात! २०२५ मध्ये त्याचाच नवा करार झाला तो पाच वर्षांचा, २६.५ कोटींचा. अशी स्वस्ताई तुमच्या नशिबी असेल तर ती किती वर्षं टिकेल हे कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तेवढ्या काळात इतर जागांवर हात सैल सोडा.

मार्चच्या मध्यावर करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार उघडतो. त्याआधी आपले कोण सुटणार आहेत ते पाहा. फ्रँचायझ टॅग, म्हणजे करार संपत आलेल्या खेळाडूला आणखी एक वर्ष धरून ठेवायचा हक्क, वर्षाला एकालाच लावता येतो. बाजारात पहिल्या दोन दिवसांत जे विकलं जातं ते बहुतेक महागच असतं. भोकं बुजवायला थोडं थांबून घेतलेले अनुभवी खेळाडू पुरतात.

ड्राफ्टच्या सात फेऱ्यांसाठी इंडियानापोलिसच्या कम्बाइनला, म्हणजे ड्राफ्टमधल्या मुलांच्या चाचण्यांना, माणसं पाठवाच. टीव्हीवर चाळीस यार्डांची धाव दिसते, पण तुमच्या डॉक्टरांना मुलांचे गुडघे आणि खांदे तिथे प्रत्यक्ष तपासता येतात. ते अहवाल नीट वाचा. सातवी फेरी संपताच न निवडलेल्या मुलांना फोन करायचे असतात. कोणता फोन कोण करणार, हे आदल्या दिवशीच वाटून द्या.

आता ऑगस्ट. खरी परीक्षा इथे असते. सरावाला ९० जण असतात आणि महिनाअखेरच्या मंगळवारी दुपारी चारपर्यंत ते ५३ वर आणावे लागतात. पहिली चाळीसेक नावं कुणीही सांगेल. उरलेल्यांसाठी स्पेशल टीम्सच्या (किकच्या वेळी मैदानात उतरणारी पथकं) प्रशिक्षकाला शेजारी बसवा. किकर, पंटर आणि लाँग स्नॅपर (किकसाठी चेंडू मागे फेकणारा) या तिघांच्या जागा आधीच गेल्या. पाचवा रिसीव्हर (पास झेलणारा) किंवा चौथा सेफ्टी (मागचा बचावपटू) किकऑफवर धावून टॅकल करत नसेल, तर त्याला ठेवून काय करणार? वगळलेला तरुण खेळाडू वेव्हर्सवर, म्हणजे इतर संघांना खुल्या यादीवर, जातो आणि बुधवारी दुपारपर्यंत कुठलाही संघ त्याला उचलू शकतो. मागच्या हंगामात जितकी खराब कामगिरी, तितका अग्रक्रम. चार हंगाम पूर्ण केलेल्यांना या वेळी वेव्हर्स लागू नसतात. त्यामुळे एखाद्या जुन्या, भरवशाच्या गड्याशी आधी बोलून घ्या: मंगळवारी सोडतो, बुधवारी एका जखमीला रिझर्व्हवर (५३ मध्ये न मोजल्या जाणाऱ्या जखमींच्या यादीवर) टाकलं की परत घेतो. कागदावर काही नसतं, त्यामुळे शब्द पाळणारा मॅनेजर असाल तरच हे जमतं.

बुधवारी दुपारी इतर संघांनी टाकलेल्यांची यादी पाहून कुणाला उचलायचं ते आधीच ठरलेलं असू द्या आणि त्यासाठी कुणाला काढायचं तेही. मग ५३ च्या बाहेरचं १६ जणांचं सराव पथक भरा. त्यातल्या एकेकाला हंगामात तीनदा सामन्यासाठी वर घेता येतं, तेव्हा तिथे नुसती होतकरू मुलं भरू नका. रविवारी ऐनवेळी उभा राहील असा पुढच्या फळीतला एक मुरलेला लाइनमन हवाच. आणि बाहेरच्या लाँग स्नॅपरांचे फोन नंबर जवळ ठेवा, किमान दोघांचे.