माळावरच्या मुक्कामाची तयारी : पिकअप, ताडपत्री आणि ऑक्टोबरचं आभाळ

पिकअपच्या हौद्यात झोपून टेकडीवर रात्र काढायची असेल, तर तयारीची सुरुवात ताडपत्रीपासून करू नका, केबिनपासून करा. केबिन रिकामी ठेवायची. गाद्या, पिशव्या, पाण्याचे जार, डबे हे सगळं मागे हौद्यात. पुढे फक्त माणसं आणि त्यांच्यासोबत किल्ली, टॉर्च, मोबाइल, पाण्याची एक बाटली. उघड्या माळावर विजा कडाडायला लागल्या की पत्र्याचं छप्पर आणि चढवलेल्या काचा असलेली केबिन हीच काय ती भरवशाची जागा. ताडपत्री टाकलेला हौदा पावसापासून वाचवतो, विजेपासून नाही. वर लोखंडी कमानी असतील तर आसपासची सगळ्यात उंच वस्तू त्याच ठरतात. म्हणून केबिनमध्ये मावतील तेवढ्याच जणांनी निघायचं. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवून नेणं कायद्यालाही मंजूर नाही, तेव्हा रस्त्यावरचा आणि रात्रीचा हिशेब एकाच आकड्यावर येतो. आणखी कोणाला यायचं असेल तर त्याने आपली बंद गाडी आणावी.

आमची गाडी आठवडाभर वाशीच्या एपीएमसीतून कांदा-बटाटा वाहते आणि मोकळी झाली की मुरबाडच्या बाजूला निघते. सगळ्यात जास्त ओढ ऑक्टोबरची. डोंगर अजून हिरवे असतात, धूळ बसलेली असते, रात्री आभाळ उघडलं तर तारे असे दिसतात की नवी मुंबईत राहणाऱ्याला झोपावंसंच वाटत नाही. पण हेच दिवस लहरी हवेचे. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर धरतात. ती सर्वसाधारण आहे एवढं ध्यानात ठेवायचं. या दिवसांत सकाळी ऊन भाजून काढतं, हवेत दमटपणा भरलेला असतो, दुपारनंतर सह्याद्रीच्या माथ्यावर ढग उभे राहतात आणि पूर्वेच्या वाऱ्याबरोबर संध्याकाळी खाली मुरबाड, कल्याण, ठाण्याकडे सरकतात. जुलैतला पाऊस समुद्राकडून येतो, हा डोंगराकडून. त्यामुळे वाशीच्या गच्चीवरून खाडीकडचं निळं आभाळ बघून निघण्यात काही अर्थ नसतो.

आदल्या रात्री हवामान खात्याचा ठाणे जिल्ह्यासाठीचा इशारा बघा. नारिंगी किंवा लाल असेल तर बेत रद्द, त्यावर चर्चा नको. पिवळा असेल तर दुपारपर्यंत थांबा, पुढच्या तीन तासांचा अंदाज आणि रडारवरचं चित्र बघा, मग ठरवा. विजांची सूचना देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप घरीच उतरवून घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते तयार केलंय. पण डोंगरात मोबाइलची रेंज जाते येते, म्हणून डोळेही कामाला लावायचे. टोकावडे-वैशाखरेच्या बाजूला असाल तर नाणेघाटाजवळचा नानाचा अंगठा नजरेत ठेवा. तो सुळका करड्या पडद्यामागे गेला आणि वारा एकाएकी गार झाला, की आवराआवर सुरू.

जागा आधी दिवसाउजेडी जाऊन बघून यायची, शक्यतो मोटारसायकलवर. येऊर जवळ पडतं म्हणून बऱ्याच जणांच्या मनात येतं, पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याचं घर आहे. तिथे रात्री गाडी लावून राहायचं नाही. माहुलीचा डोंगर तानसा अभयारण्यात येतो, तोही सोडा. खाजगी माळ शोधा, मालकाला भेटा, त्याच्या तोंडून ‘या’ ऐकल्याशिवाय निघू नका. ऑक्टोबरात भात कापणीला आलेलं असतं, कुठे कापून पसरलेलंही असतं. दादा, गाडी कुठून आणू, कुठे लावू, हे त्यांनाच विचारायचं. पाऊस आला तर कुठली वाट आधी वाहून जाते हेही त्यांना पक्कं माहीत असतं. आमचे तिथले मामा पैसे घेत नाहीत, म्हणून जाताना कांद्याची एक गोणी ठरलेली.

गाडी लावताना अगदी माथा टाळा, थोडं खाली या. एकट्या झाडाखाली नको, ओहोळाच्या वाटेत तर नकोच. मुरमाची जमीन धरा. मातीवर दिवसा टणक वाटणारी गाडीवाट अर्ध्या तासाच्या सरीत लोण्यासारखी होते, आणि रिकाम्या पिकअपचं मागचं वजन कमी असल्याने मागची चाकं जागेवरच फिरत राहतात. पाण्याचे भरलेले जार मागच्या एक्सलच्या वर बांधले तर थोडा आधार मिळतो. एक फावडं आणि चाकाखाली टाकायला दोन-चार रिकामी गोणपाटं घ्याच. गाडीचं तोंड उतरायच्या वाटेकडे, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, चाकांना दगड. स्टेपनीत हवा, जॅक आणि टॉमी जागेवर, वायपरचं रबर चांगलं, दिवे चालू, कागदपत्रं चालू तारखेची. डिझेल मुरबाडलाच भरून घ्यायचं.

आता हौदा, आणि इथे हात आखडता घेऊ नका. आदल्या दिवशी तो धुऊन वाळवा. कांद्याच्या गाडीत तर तळाच्या भोकांत टरफलं अडकलेली असतात. ती तारेने काढली नाहीत तर फटीतून आलेलं पाणी रात्री तुमच्या पाठीखाली साचतं. लोखंडी तळावर थेट गादी टाकायची नाही. खाली लाकडी पॅलेट किंवा फळ्या, म्हणजे पाणी खालून वाहून जातं. वर फोमची चटई, त्यावर गादी, आणि पांघरायला गोधडी. पहाटे दव पडतं, पत्र्याला ओल सुटते, ती या थरांमुळे अंगापर्यंत येत नाही. टेकडीवर जास्त कपडे लागतात का, असं विचारतात. नुसत्या उंचीने फारसा फरक पडत नाही, हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, म्हणजे तीनशे मीटरच्या टेकडीवर दोनेक अंश. गारठा आणतो तो वारा आणि ओले कपडे. म्हणून एक पूर्ण कोरडा जोड आणि टॉवेल जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवायचा, आणि रात्री भिजल्याशिवाय ती पिशवी उघडायची नाही. ओल्या सामानाला वेगळी गोणी. कोरडं आणि ओलं एकदा मिसळलं की सकाळपर्यंत काहीच कोरडं राहत नाही.

ताडपत्री हौद्यापेक्षा चांगली मोठी हवी, दोन्ही बाजूंनी फाळक्याच्या खालपर्यंत उतरेल एवढी. ती सपाट ताणू नका. मध्ये उभा बांबू नाहीतर आडवी दोरी देऊन दोन्हीकडे उतार द्या, नाहीतर मधल्या झोळात पाणी साचून सगळी ताडपत्री खाली बसते. कडा बाहेरच्या हुकांना बांधा, आत दुमडल्या तर पाणी आतच येणार. वाऱ्याच्या बाजूची कड खाली ओढून पक्की करायची, मागची बाजू हवेसाठी उघडी, तिथे मच्छरदाणी. दोऱ्या सुटतील अशा गाठींनी बांधा, अंधारात चाकू शोधायची वेळ येऊ नये. आणि हे सगळं सूर्य मावळायच्या आत.

विजेचा नियम सगळ्यांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवायचा. चमक दिसल्यावर मोजायला लागा. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर सगळे केबिनमध्ये. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काचा वर, चार्जर काढलेला, हात मांडीवर, दाराच्या पत्र्याला टेकायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, मग गादी कितीही बोलावो. पाच वाजताच ढग चढताना दिसले तर उजेडात खाली उतरून गावाजवळ थांबा. पण अंधार पडल्यावर पाऊस सुरू झाला, तर घसरड्या वाटेने गाडी खाली घालायची नाही. मोकळी ठेवलेली केबिन तेव्हा उपयोगी पडते, रात्र बसून काढता येते. फक्त इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, आणि पाऊस सरला की काचा थोड्या खाली घ्यायच्या.

ताडपत्रीखाली शेगडी, कोळसे, स्टोव्ह काहीही पेटवू नका. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. चहा गाडीपासून दूर, उघड्यावर, वारा अडवून करा. शेकोटी मालकाने हो म्हटलं तरच. शेजारी वनखात्याची हद्द असेल तर तीही नको. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. खरं तर शिजवण्याची गरजच कमी करा. रात्रीला घरून दशम्या आणि कोरडी चटणी, सकाळी दडपे पोहे. पातळ पोहे, नारळ, कांदा, मिरची, लिंबू एवढं नेलं की विस्तवाशिवाय न्याहारी होते. पाणी माणशी पाच लिटर तरी हवं, सकाळचा हात-तोंड धुण्याचा खर्च वेगळा.

पावसाळा सरताना माळावर फुरसं असतं, दगडांखाली विंचू. हौद्यातून उतरताना आधी टॉर्च, मग बूट, तेही झटकून. चप्पल घालून रात्री फिरायचं नाही. साप चावला तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चावलेला भाग हलवायचा नाही. १०८ ला फोन आणि मुरबाडच्या सरकारी रुग्णालयाकडे. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन लागू पडतं हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं. ते औषध डॉक्टरनेच द्यायचं, आपण वेळेत पोहोचवायचं. घरी एकाला जागेचा नकाशा आणि परतायची वेळ लिहून द्या. रेंज नसेल तर फोन येणार नाही, पण अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर मामांना फोन करा, असं ठरलेलं असावं.

सकाळी धुकं उठेपर्यंत उतरायची घाई नको. तोवर कचरा गोणीत भरा, चाकाखालचे दगड वाटेतून बाजूला टाका, वाटेवर पडलेले चाकोरीचे खड्डे फावड्याने बुजवा. ताडपत्री झाडून, उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवून मगच घडी घाला. सोमवारी तिच्याखाली पुन्हा कांदा भरायचा असतो, आणि ओलसर ताडपत्रीखाली कांदा सडतो.